नाताळात शाळकरी मुलांना मदत करायची आहे? सहलीच्या वर्गणीपासून सुरुवात करा

डिसेंबर लागला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘यंदा नाताळला गरीब मुलांसाठी काहीतरी करू या’ असा मेसेज पडतोच. पटापट अंगठे उमटतात, कोणी केकचं बघतं, कोणी सांताच्या टोप्या आणायचं कबूल करतं आणि २५ तारखेला सकाळी जवळच्या वस्तीत वाटप उरकतं. मुलं खूश होतात, यात वाद नाही. पण जरा आधीपासून चौकशी केली, तर तेवढ्याच पैशांत त्याच मुलांना शाळेत नेमकं जे अडलेलं असतं ते सोडवता येतं. ते कसं करायचं, ते सांगते.

आधी शाळेचं डिसेंबर समजून घ्या

पुण्यात कॅम्पातल्या कॉन्व्हेंट शाळांना नाताळची चांगली आठ-दहा दिवस सुट्टी असते. महापालिकेच्या आणि बहुतेक मराठी शाळांना मात्र २५ डिसेंबरचा एकच दिवस. बाकी आठवडाभर शाळा भरलेली असते, आणि तीही ऐन धामधुमीची: सहली निघतात, गॅदरिंगच्या तालमी चालू असतात, क्रीडा सप्ताह असतो. जूनमध्ये घेतलेल्या वह्या संपत आलेल्या असतात, बुटांचे तळ सुटलेले असतात, आणि सकाळच्या शाळेला सात वाजता निघायचं म्हणजे पुण्याच्या थंडीत कुडकुडत जायचं.

जूनमध्ये वह्यावाटप सगळेच करतात. गणेश मंडळं, इच्छुक उमेदवार, कंपन्या, झाडून सगळे. डिसेंबरात कोणी फिरकत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात, दुपारचा पोषण आहार मिळतो. महापालिकेच्या शाळांत तर गणवेश आणि शालेय साहित्यासाठीही मदत मिळते. नववीला मूल गेलं की पोषण आहार थांबतो, पुस्तकं विकत घ्यावी लागतात, आणि नेमका तेव्हाच खर्च वाढतो. त्यामुळे पैसे थोडे असतील तर नववी-दहावीला आधी धरा. लहान मुलांना देताना आपल्याला जास्त छान वाटतं हे खरं, पण गरज मोठ्यांची जास्त असते.

शाळा कशी शोधायची

लांब जाऊ नका. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, कचरा घ्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताई, वॉचमनकाका यांना त्यांची मुलं कुठल्या शाळेत जातात एवढं विचारा. दोन-तीन शाळांची नावं परत परत येतील. त्यातली एक घ्या. एकच घ्या. (मावशींच्या मुलांना काही दिलंत, तर ते पुढच्या दिवाळीच्या बोनसमध्ये मनातल्या मनात वळतं करू नका. तसं होतं, म्हणून सांगते.)

बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांचं वेगळं असतं. साइट संपली की कुटुंब हलतं, शाळा सुटते. तुमच्या शेजारीच इमारत उभी राहत असेल आणि तिथे मुलं दिसत असतील, तर थेट वाटप करण्याऐवजी पुण्यात या मुलांसोबत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या डोअर स्टेप स्कूल किंवा तारा मोबाइल क्रेशेससारख्या संस्थांना कळवा. दिवसा राबून संध्याकाळी शिकणारी मुलं तुमच्या माहितीत असतील, तर रात्रशाळेत चौकशी करा. वाटप करणाऱ्यांना रात्रशाळा सहसा आठवतच नाहीत.

मुख्याध्यापकांना भेटा, पण खरं बोलणं वर्गशिक्षिकेशी करा

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: आम्ही अमुक सोसायटीतले रहिवासी, अंदाजे इतकी रक्कम, शाळा सांगेल तशी मदत करू इच्छितो, बॅनर-भाषण काही नको. महापालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाची परवानगी लागेल का, हे त्यांनाच विचारा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यातल्या दोघा-चौघांशी बोलणं झालं तर उत्तमच, कारण काही गोष्टी पालक बाईंनाही सांगत नाहीत.

मग वर्गशिक्षिकेला गाठा आणि ‘गरीब मुलं किती?’ असं मुळीच विचारू नका. असं विचारा: सहलीला किती मुलं येणार नाहीत? गॅदरिंगमधून कोण गळलं? सकाळी स्वेटरशिवाय कोण येतं? फळ्यावरचं वाचायला कोण पुढे सरकतं? बाईंना नावानिशी पाठ असतं. त्यांच्याकडून नावं घेऊच नका, फक्त आकडे घ्या. नावं बाईंकडेच राहू द्या.

सहलीची वर्गणी

हा माझ्या मते डिसेंबरातला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च. वर्गात सहलीची नोटीस वाचून दाखवतात, पालकांच्या सहीसाठी चिठ्ठी घरी जाते, आणि काही मुलं ती चिठ्ठी दप्तरातून बाहेरच काढत नाहीत. घरात पैसे नाहीत हे त्यांना आधीच ठाऊक असतं. विचारलं की ‘बाई, मला गाडी लागते’ म्हणतात. सहलीच्या दिवशी ही मुलं घरी असतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दिवसभर शिवनेरीच्या गप्पा ऐकतात.

शैक्षणिक सहलीला एसटी सवलत देते, त्यामुळे सहल एसटीने असेल तर माणशी खर्च फार नसतो. बाईंनी दिलेल्या आकड्याइतकी वर्गणी शाळेकडे भरा, शाळेची पावती घ्या, आणि मुलांना ‘शाळेने भरले’ एवढंच कळू द्या. तुमचं नाव, सोसायटीचं नाव, काही नको. वर्गणी भरली तरी एक अडचण उरते: डबा आणि खाऊ. बाकीच्यांकडे वेफर्सची पाकिटं आणि ह्याच्याकडे नुसती चपाती-भाजी असली की मूल मागच्या सीटवर बसून खातं. म्हणून जमलं तर अख्ख्या बसला सारखाच खाऊ द्या. पन्नास मुलांना एकेक चिक्की, एकेक संत्रं. मग कोणाला कोणी दिलं हा प्रश्नच उरत नाही.

गॅदरिंगचंही असंच. कोळीगीत बसवलं की ड्रेस भाड्याने आणायचा असतो, आणि भाड्याचे पैसे मागितल्यावर दोन-तीन मुली ‘पाय दुखतो’ म्हणून नाचातून बाहेर पडतात. भाडं भरा, हा एक मार्ग. त्याहून टिकाऊ म्हणजे शाळेला ड्रेसची पेटी करून द्या. सोसायटीत प्रत्येक घरात कपाटाच्या तळाशी एखादी नऊवारी, लग्नात बांधलेला फेटा, जुना झब्बा, खोटे दागिने पडलेले असतात. धुऊन, इस्त्री करून, ट्रंकेत भरून द्या. पुढची कैक वर्षं चालेल.

वस्तू द्यायच्या तर अशा

बूट. नंबर विचारून घेतलेले बूट हमखास चुकतात, कारण मुलांना नंबर माहीत नसतो आणि जे घातलेत ते मोठ्या भावाचे असतात. बाईंना सांगा, प्रत्येक मुलाला कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवायची आणि मागे हजेरी क्रमांक लिहायचा. तो कागद कापून दुकानात न्या, बुटात सरकवून बघा आणि अंगठ्याएवढी जागा सोडून घ्या. सोबत दोन जोड मोजे हवेतच. मोज्यांशिवाय नवा बूट चावतो आणि मग तो कपाटात पडून राहतो.

स्वेटर. गणवेशाच्या रंगाचाच घ्या. गुलाबी, कार्टूनवाला स्वेटर कितीही गोड दिसला तरी शाळेत चालत नाही, आणि थंडी वाजते ती शाळेत जाताना. मापाला एक वर्ष पुढचं बघा.

वह्या. अप्पा बळवंत चौकात डझनावर घ्या, शाळेत द्यायच्या आहेत म्हणून सांगा, छापील किमतीवर सूट मिळते. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. कुठली वही हवी ते मात्र आधी विचारा. लहानांना मराठीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी, गणिताला चौकटीची लागते. दहावीला सरावासाठी दोनशे पानी एकरेघी भराभर संपतात. सगळ्यांना सरसकट शंभर पानी एकरेघी वाटणं म्हणजे निम्म्या वह्या घरच्या हिशेबाला लागणं.

कंपासपेटी. चित्रं आणि झाकणातला आरसा बघून घेऊ नका. कंपास हातात घ्या, पेन्सिल बसवा आणि दुकानातच एक वर्तुळ काढून बघा. स्क्रू ढिला असेल तर वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत, आणि दहावीच्या भूमितीत त्याने मार्क जातात.

चष्मा. हे वाटपवाल्यांना सुचत नाही, कारण गुंडाळून देता येत नाही. फळ्याजवळ सरकणाऱ्या मुलांची यादी बाईंकडे असते. पालकांच्या संमतीने त्यांची तपासणी करून घ्या. हडपसरजवळ महंमदवाडीला ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे, तिथे सवलतीची चौकशी करता येते. फ्रेम मुलालाच निवडू द्या, नाहीतर तो चष्मा दप्तरातच राहील.

जुनी खेळणी, अर्धी रंगवलेली चित्रांची पुस्तकं, चेन तुटलेली दप्तरं नकोत. आपल्या पोराला जे द्यायला लाज वाटेल ते दुसऱ्याच्या पोराला द्यायचं नाही.

आणि नाताळ?

केक जरूर द्या. फक्त शाळेच्या परवानगीने, वर्गातच, सगळ्यांना. निवडक पंधरा मुलांना बाहेर बोलावून दिलेला केक गोड लागत नाही. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष असतो, बऱ्याच घरांत गुरुवार पाळतात आणि काही महिनाभर अंडं खात नाहीत. तेव्हा बिनअंड्याचाच सांगा. पुण्यातल्या बेकऱ्यांना नाताळच्या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे ऑर्डर दहा-बारा दिवस आधी द्या.

मुलांना रोषणाई आणि चर्चमधला गोठा दाखवायला न्यायचं असेल तर प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या आणि शाळेच्या शिक्षिका सोबत असू द्या. गुरुवार पेठेतल्या पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून टिळक आणि रानड्यांनाही चौकशीला तोंड द्यावं लागलं होतं, हे शहर तेच आहे! आज तेवढं कोणी ताणत नाही, पण देण्यामागे काही हेतू आहे अशी शंकासुद्धा कोणाच्या मनात येऊ नये. प्रार्थना म्हणायला लावणं, कुठल्याही देवाची, मदतीला जोडू नका.

२५ तारखेला शाळा बंद असते. २४ तारीख साधली नाही तर ३ जानेवारी बघा. सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. ज्या शहरात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली, तिथल्या शाळांत त्या दिवशी कार्यक्रम असतोच, आणि दहावीच्या मुलींना सराव प्रश्नसंच द्यायला तो मुहूर्त चांगला आहे. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, त्यामुळे प्रश्नसंच याच सुमारास हातात पडायला हवेत.

फोटो आणि पैसे

वस्तू स्वीकारतानाचे मुलांचे फोटो काढू नका. ग्रुपवर हिशेब दाखवायचा असेल तर बिलांचा आणि वह्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो टाका. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे: बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही.

संस्थेला पैसे देणार असाल तर देणगीवरची प्राप्तिकरातली (८०जीची) सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, दोन हजारांवरची रोख रक्कम धरली जात नाही आणि वस्तूंवर सवलत नाही. त्यामुळे करासाठी पावती हवी असेल तर यूपीआय किंवा चेकने द्या.

एकही रुपया न देता करायची मदत

सोसायटीत निवृत्त काका-काकू असतील, फॉर्म भरण्यात ज्यांचा हातखंडा आहे, त्यांना या कामाला लावा. शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांचे ऑनलाइन अर्ज अलीकडे जानेवारीच्या आसपास सुरू होतात. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो, शिवाय जन्मदाखला आणि रहिवासाचा पुरावा. दाखला मिळायला वेळ लागतो आणि रोजंदारीवरच्या आईबापाला एका खेपेसाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. डिसेंबरातच कागदं गोळा करून दिलीत, अर्ज भरून दिलात, तर धाकट्या भावंडाची शाळेची सोय होऊ शकते.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. उत्पन्नमर्यादा साडेतीन लाख, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. महाराष्ट्रात ती साधारण डिसेंबरात होते, अर्ज त्याच्या काही महिने आधी. म्हणजे यंदाचं हुकलं असलं तरी आत्ता सातवीत असलेल्या मुलांची यादी बाईंकडून करून घ्या, त्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्यांचं आणि बँक खात्याचं उन्हाळ्याच्या सुट्टीत बघा, आणि जूनपासून आठवड्यातून एक तास बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवून घ्यायला कोण बसणार, तेही ग्रुपवर आत्ताच विचारून ठेवा.