जेआरएफच्या वॉक-इनला निघण्याआधी

मागच्या वर्षी मुंबईतल्या एका संस्थेत जेआरएफच्या (ज्युनियर रिसर्च फेलो, म्हणजे प्रकल्पावरचा पगारी संशोधक) वॉक-इनला, म्हणजे थेट मुलाखतीला गेलो आणि मुलाखतीच्या खोलीत पाय न ठेवता परत आलो. एका कागदापायी. त्यामुळे खाली त्याच कागदाचं तुणतुणं वाजणार, ऐकून घ्या.

तो कागद म्हणजे सीजीपीएचे (दहापैकी सरासरी श्रेणीगुणांचे) टक्के करून दिल्याचा विद्यापीठाचा दाखला. जाहिरातीत 'एम.एस्सी., किमान 60 टक्के', माझ्या गुणपत्रिकेवर 6.9. मी अर्जात दहानं गुणून 69 ठोकले. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे कुठल्या सूत्रानं?" एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) तक्त्यात 6.75 म्हणजे 60 टक्के. त्या हिशोबानं माझे साडेएकसष्ट होत होते, म्हणजे कसंही धरलं तरी बसत होतो. पण तोंडी कोण ऐकतंय? गुणपत्रिकेमागे सूत्र छापलेलं असेल तर पाठपोट झेरॉक्स काढा. नसेल तर परीक्षा विभागात आजच अर्ज टाका. जाहिरात आल्यावर पळापळ करून हाती काही लागत नाही.

मूळ कागद, फोटो, आधार: सांगायला नको. गेट या राष्ट्रीय परीक्षेचा निकाल तीनच वर्षं चालतो, तारीख बघा. गेट किंवा तशीच नेट परीक्षा पास असाल तर जेआरएफला महिना 37,000 अधिक घरभाडं. नसेल तर बहुतेक ठिकाणी प्रोजेक्ट असोसिएट म्हणून त्याहून कमी पैशांवर बोळवण. जेआरएफला वयाची अट साधारण 28 असते. सवलत हवी तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, तेही केंद्राच्या नमुन्यात. आणि तो टक्केवारीचा दाखला. घेतला?

अभ्यास. आपल्याकडची निम्मी पोरं थिन फिल्मवाली (पदार्थांच्या पातळ थरांवर काम करणारी), बायोडेटात एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) असतंच. मग आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार काढायचं शेररचं समीकरण नुसतं पाठ असून भागत नाही. शिखर रुंद झालं की कण बारीक, हे सगळे सांगतात. त्या रुंदीतला यंत्राचा वाटा वजा केलास का, इथं गाडी अडते. ज्या यंत्राला स्वतः हात लावला नाही त्याचं नाव बायोडेटातून काढा. ज्यांचा प्रकल्प आहे त्या सरांचे अलीकडचे दोन पेपर वाचा, निदान आकृत्या तरी. प्रकल्प किती वर्षं उरलाय आणि पीएच.डी.ला नोंदणी होईल का, हे लाजू नका, विचारा.

कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट आधी काढा, जाण्यायेण्याचा खर्च सहसा मिळत नाही. दादरला उतरा, पवईला आयआयटीत जायचं तर तिथून लोकलनं कांजूरमार्ग, आयसीटीला (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) माटुंगा. फाइल बर्थखाली नको, उशाशी. रात्री मिरजेच्या आसपास एकदा उघडून बघा, दाखला आहे ना. नसेल तर तिथंच उतरा, खरंच सांगतो.

निवड झाली तर पासबुक, मेडिकल, आधीच्या ठिकाणची एनओसी. बाकीचं तिथला क्लार्क सांगेल.