डिजिटल ट्विन व्ह्यूअरमधले लेयर कसे हाताळावेत

पावसाळा लागला की बेळगावच्या यळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारात एकच विषय असतो: बळ्ळारी नाल्याचं पाणी यंदा कुठवर येणार? हा प्रश्न घेऊन डिजिटल ट्विन व्ह्यूअर (ट्विन पाहण्याचं सॉफ्टवेअर) उघडला, तर उत्तराच्या बरंच जवळ जाता येतं. डिजिटल ट्विन म्हणजे गावाची किंवा शहराची संगणकातली त्रिमितीय प्रतिकृती. तीत जमिनीचे चढउतार, इमारती, रस्ते, नाले असतात आणि वेळोवेळी बदलणारी माहितीही असते. प्रत्येक प्रकारची माहिती वेगळ्या लेयरमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या थरात, ठेवलेली असते. लेयर नीट लावले नाहीत, तर पडद्यावर नुसती रंगांची गर्दी होते.

इथे उदाहरणासाठी टेरिया हा व्ह्यूअर घेतला आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत तो तयार झाला. तो मुक्त स्रोत आहे, ब्राउझरमध्येच चालतो, आणि न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या राज्यांचे डिजिटल ट्विन त्यावरच उभे आहेत. दुसरा व्ह्यूअर वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, कामाची रीत तीच राहील.

आधी प्रश्न, मग लेयर

कॅटलॉगमध्ये शेकडो लेयर दिसले की सगळे चालू करून पाहावेसे वाटतात. तसं करू नका. प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा आणि त्याला लागतील तेवढेच लेयर घ्या. नाल्याच्या प्रश्नाला चार पुरतात: जमिनीची उंची, नाल्याची रेषा, पावसाळ्यातलं उपग्रहचित्र आणि आपल्या शेताची हद्द. लोकसंख्या, शाळा, वीजवाहिन्या यांचं इथे काही काम नाही.

'एक्सप्लोर मॅप डेटा' उघडा, हवा तो लेयर शोधा आणि अधिकच्या खुणेवर क्लिक करा. तो डावीकडच्या 'वर्कबेंच'मध्ये येतो. नावाजवळच्या चौकोनातली टिक काढली की लेयर लपतो, पण यादीत राहतो. टिक असूनही काही दिसत नसेल तर 'आयडियल झूम' दाबा. बऱ्याचदा लेयर असतो, आपणच नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतो. काही लेयर ठरावीक झूमच्या आत गेल्यावरच दिसतात, हेही लक्षात ठेवा.

यादीत जो वर, तो नकाशावरही वर. म्हणून उपग्रहचित्र तळाला, त्यावर पुराचं किंवा उंचीचं रंगीत चित्र, त्यावर नाला आणि रस्ते, आणि सगळ्यात वर हद्दी व ठिकाणं. लेयर माऊसने ओढून वरखाली करता येतात. मधल्या रंगीत लेयरची ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा गडदपणा, निम्म्यावर आणली की खालचं शेत ओळखू येतं. तळाच्या चित्राची मात्र कमी करू नका. दोन्ही फिकट झाले की कुठला रंग कशाचा हे कळेनासं होतं.

लेयर कधीचा आहे आणि किती बारीक आहे

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि घाईत तीच गाळली जाते. लेयरची माहिती उघडा आणि तीन गोष्टी पाहा: कोणी बनवला, कोणत्या तारखेचा, चित्रातली एक चौकट, म्हणजे सगळ्यात लहान ठिपका, जमिनीवर किती मोठी.

मोफत मिळणाऱ्या एसआरटीएम या उंचीच्या लेयरची एक चौकट ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांची असते. एवढ्या जागेला उंचीचा एकच आकडा. त्यात शेताचा बांध दिसणं शक्य नाही. शिवाय हे मोजमाप फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालं आहे, त्यामुळे त्यानंतर घातलेले रस्त्यांचे भराव त्यात नाहीत. आणि पाणी अडतं ते नेमकं अशा भरावांपाशी. खानापूरच्या जंगलात तर ही उंची पुष्कळ ठिकाणी झाडांच्या शेंड्यांकडे झुकलेली असते, जमिनीची नसते.

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्राची चौकट १० मीटरची, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. त्यात शेत ओळखू येतं, पाणंद जेमतेम. सर्व्हे नंबरच्या हद्दींसाठी कर्नाटक सरकारचं दिशांक ॲप उपयोगी आहे, पण ते अंदाजासाठी. बांधाचा वाद असेल तर सरकारी मोजणीच मागवा. पडद्यावरची रेषा दाखवून शेजाऱ्याशी भांडू नका.

पावसाळ्यातलं चित्र

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. सेंटिनेल-२ चं चित्र तेव्हा पांढऱ्या ढगांनी भरलेलं येतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्याच नद्या पात्राबाहेर पडल्या होत्या. अशा दिवसांसाठी सेंटिनेल-१ घ्या. तो रडार उपग्रह आहे आणि त्याचे तरंग ढगांतून आरपार जातात. स्थिर पाण्यावरून ते दुसरीकडे परावर्तित होतात, उपग्रहाकडे फारसे परत येत नाहीत, म्हणून पाणी काळं दिसतं.

पण प्रत्येक काळी जागा म्हणजे पूर नव्हे. चिखलणी करून रोप लावलेल्या भाताच्या खाचरातही पाणी साचलेलं असतं, आणि तेही रडारवर तसंच काळं येतं. खानापूर भागात याने सहज फसगत होते. कुरीने पेरलेल्या भाताच्या शिवारात हा घोळ कमी. उपाय असा की एकच चित्र पाहून ठरवू नये. पुराच्या आधीच्या आठवड्यांतलं एक आणि पुरातलं एक, अशी दोन चित्रं घ्या आणि लेयरच्या मेनूतून 'कम्पेअर' निवडा. पडद्याच्या मधोमध सरकती पट्टी येते. दोन्हीकडे काळी असेल ती जागा खाचराची किंवा तळ्याची. फक्त दुसऱ्या चित्रात काळी झाली असेल ती पुराची धरा. तुमच्या व्ह्यूअरमध्ये हे लेयर नसतील तर कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर ते मोफत आहेत, आणि तुलनेची सोयही तिथे आहे.

सीमेवर लेयर संपतो

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्यांनी हे आवर्जून वाचावं. कर्नाटक सरकारचा लेयर राज्याच्या सीमेवर थांबतो. पलीकडे कोरी जागा दिसते, म्हणून तिकडे काहीच नाही असं वाटतं. दूधगंगा आणि वेदगंगा मात्र कोल्हापूर जिल्ह्यातून येतात. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते. हिडकल धरणाला पाणी देणारी घटप्रभाही चंदगड तालुक्यातून उतरते. तेव्हा नद्या, धरणं आणि पाऊस यांचे लेयर दोन्ही राज्यांचे घ्या, नाहीतर पाण्याची निम्मी वाट अंधारात राहील.

दोन राज्यांचे लेयर शेजारी ठेवले की सीमेवर कुठे बारीक फट दिसते, कुठे एकमेकांवर चढलेली पट्टी. ती जमीन दोन्हीकडून सुटलेली नसते. दोन खात्यांनी वेगवेगळ्या नकाशांवरून काढलेल्या रेषा जुळत नाहीत, एवढंच. रंग दोन ठेवा, म्हणजे कुठली माहिती कुणाची हे विसरायला होणार नाही.

आपला स्वतःचा लेयर

कुठल्याही उपग्रहाला न दिसणारी माहिती गावात असते. दरवर्षी कुठली मोरी तुंबते, जुना ओढा कुठून वाहायचा, कुठल्या विहिरीपाशी पाणी आधी चढतं, शिवारातल्या तुकड्यांना लोक काय म्हणतात. थोरल्यांना सोबत घेऊन शिवार फिरा आणि मोबाईलवर प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या. बाकीचे सगळे लेयर दुसऱ्यांनी दुरून बनवलेले असतात. पाणी कुठे वळतं हे बहुतेक वेळा या छोट्या यादीवरूनच उमगतं.

एक्सेलमध्ये तक्ता करा. एका रकान्यात अक्षांश, दुसऱ्यात रेखांश, पुढे ठिकाणाचं नाव, पाहिल्याची तारीख, कोणी सांगितलं. फाईल 'सीएसव्ही यूटीएफ-८' (देवनागरी अक्षरं टिकवणारी साध्या तक्त्याची फाईल) प्रकारात जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. मग ती फाईल ओढून व्ह्यूअरच्या नकाशावर सोडा. ठिपके कुठेच दिसले नाहीत तर रकाने उलटे झालेत का पाहा. बेळगावचे अक्षांश साधारण १५.८५ आणि रेखांश ७४.५ आहेत. त्यांची अदलाबदल झाली की ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो.

इमारती तरंगत असतील तर

त्रिमितीय दृश्यात कधी कधी इमारती हवेत तरंगताना दिसतात. उंची मोजण्याच्या दोन रीती आहेत: समुद्रसपाटीपासून, आणि पृथ्वीच्या गणिती आकारापासून. दक्षिण भारतात या दोन्हींत ५० मीटरांहून जास्त फरक पडतो. इमारतींचा लेयर एका रीतीचा आणि जमिनीचा दुसऱ्या रीतीचा असला की असं होतं. लेयर बनवणाऱ्याला कळवून एकच रीत करून घ्यावी लागते. भूमिगत गटारं किंवा पाईपचा लेयर दिसत नसेल तर मात्र बिघाड नसतो. नकाशाच्या सेटिंगमध्ये जमिनीखालच्या गोष्टी झाकण्याचा पर्याय असतो, तो बंद करा.

दुसऱ्याला दाखवताना

ग्रामपंचायतीच्या बैठकीत दाखवायचं असेल तर 'शेअर'मधून दुवा काढा. लेयरचा क्रम, ओपॅसिटी आणि नकाशाचा कोन तसाच उघडतो. तुम्ही संगणकातून ओढून टाकलेली सीएसव्ही मात्र त्या दुव्यात जात नाही. ती तुमच्याच ब्राउझरमध्ये राहते. समोरच्याला ती फाईल वेगळी पाठवा, किंवा नकाशाचं चित्र काढून द्या आणि त्याच्या खाली प्रत्येक लेयरची तारीख व बनवणाऱ्याचं नाव लिहा.