बिल्डिंगचं ड्रेनेज महापालिकेच्या लाइनला जोडायचंय? आधी रस्त्यावरच्या चेंबरची लेव्हल घ्या

पुण्यात आणि आजूबाजूला पहिल्यांदाच दहा-वीस फ्लॅटची स्कीम करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की ड्रेनेज कनेक्शन हे शेवटचं काम आहे, प्लास्टर झालं की प्लंबर बघून घेईल. तसं अजिबात नाहीये. काही वर्षांपूर्वी आमच्या एका साइटवर हेच झालं, आमचा शेवटचा चेंबर रस्त्यातल्या लाइनपेक्षा २० सेंटिमीटर खाली निघाला आणि तेव्हा स्लॅब सगळे टाकून झालेले होते, मग संप, म्हणजे मैलापाणी साठवायची जमिनीखालची टाकी, बांधून दोन पंप लावावे लागले, त्याचं लाइटबिल तिथली सोसायटी अजून भरतेय. म्हणून क्रम सांगतो, तसाच धरा.

पहिलं काम नकाशा मंजुरीला टाकायच्या आधीचं. मलनिःसारण विभागात जाऊन तुमच्या प्लॉटसमोर लाइन आहे का, किती व्यासाची आहे आणि चालू आहे का ते विचारा. मग तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांना सोबत घेऊन विभागाच्या माणसांकडून जवळच्या चेंबरचं झाकण उघडून घ्या, थोडा वेळ तसंच उघडं राहू द्या, आणि सर्व्हेअरला वरूनच स्टाफ (मापाची लांब पट्टी) सोडून पाइपच्या आतल्या तळाची लेव्हल घ्यायला सांगा. हीच इन्व्हर्ट लेव्हल. ती झाकणापासून खोली मोजून लिहू नका, कारण रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि झाकणं विटा लावून उचललेली असतात, साइटवर एक पक्का बेंचमार्क, म्हणजे न हलणारी उंचीची खूण, धरून त्याच्याशीच सगळं जोडा.

आता हिशेब. समजा तुमच्या सगळ्यात मागच्या टॉयलेटपासून रस्त्यातल्या चेंबरपर्यंत ४५ मीटर अंतर आहे. १५० मिलिमीटरच्या पाइपला साधारण १०० मीटरमागे १ मीटर उतार धरतात, म्हणजे इथे ४५ सेंटिमीटर गेले, पहिला चेंबर ६० सेंटिमीटर खोल असेल तर रस्त्याजवळ तुमचा पाइप १ मीटर ५ सेंटिमीटर खाली पोचतो. शिवाय तो पालिकेच्या पाइपच्या डोक्यावरून पडायला हवा, तळाशी नाही, नाहीतर लाइन भरून वाहायला लागली की मैलापाणी उलटं तुमच्याच चेंबरमध्ये येतं. पालिकेचा पाइप ३०० मिलिमीटरचा असेल तर त्याचा तळ तुमच्या जमिनीपासून निदान १ मीटर ३५ सेंटिमीटर खोल पाहिजे. एवढा नसेल तर आत्ताच, कागदावर असतानाच, टॉयलेट रस्त्याच्या बाजूला घ्या किंवा प्लिंथ (जोतं) उचला किंवा दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावर लाइन आहे का बघा. पंप हा अगदी शेवटचा उपाय. बेसमेंटमध्ये टॉयलेट देणार असाल तर मात्र संप आणि पंप धरूनच चाला.

किती पाणी येणार तेही विभागाला सांगावं लागतं. घरगुती वापर माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे ४० फ्लॅट आणि घरटी ५ माणसं धरली तर रोजचे २१,६०० लिटर. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, तिथे नुसतं लाइनला जोडून भागत नाही, स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आणि फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन सुरुवातीपासून डिझाइनमध्ये घ्यावी लागते.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), चेंबर आणि उतार दाखवलेला ड्रेनेजचा नकाशा आणि परवानाधारक प्लंबर, ज्याच्या सहीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. रस्ता खोदायची परवानगी पथ विभागाकडून वेगळी घ्यायची, रस्ता पूर्ववत करायचे पैसे आधी भरायचे, आणि पावसाळ्यात खोदाई बंद असते हे लक्षात ठेवून अर्ज हिवाळ्यातच टाका, मे महिन्यात धावपळ केलीत तर ऑक्टोबरपर्यंत बसून राहाल आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) अडकेल.

प्रत्यक्ष कामात, प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक जोडावर चेंबर द्या, सरळ लाइनला ३० मीटरच्या आत एक. पालिकेचा पाइप मध्येच फोडून जोडायचा नाही, जोड चेंबरमध्येच. तुमचा पाइप तिथे ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचावरून पडत असेल तर ड्रॉप, म्हणजे पाणी खाली नेणारा उभा पाइप, द्यावा लागतो. खाली हॉटेलचा गाळा असेल तर त्याला वेगळा ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारा चेंबर) पाहिजेच, तेलकट गाळाने सगळी लाइन तुंबते आणि भोगतात वरचे लोक. आणि गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडू नका हो, कितीही सोपं वाटलं तरी, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात झाकणं उचलून रस्त्यावर मैला येतो तो याच्यामुळेही येतो.

माती टाकायच्या आधी टेस्ट घ्या. एका चेंबरला आरसा धरा, दुसऱ्याला टॉर्च, पाइप सरळ असेल तर पूर्ण गोल दिसतो. मग पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटर लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडा, अडकला तर तिथे सिमेंटचा लगदा आत राहिलाय.

समोर लाइनच नसेल तर? पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, तिथे अनेक ठिकाणी हाच प्रश्न आहे. मग सेप्टिक टँक, पण सोकपिट (टाकीतलं पाणी जिरवायचा शोषखड्डा) कुठल्याही विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा, आणि मैला उपसणारा टँकर टाकीपर्यंत पोचेल एवढी वाट ठेवा. टाकी अशा जागी घ्या की उद्या लाइन आली की उताराने जोडता येईल.

एक गोष्ट मी प्रत्येक साइटवर पहिल्याच दिवशी सांगतो. जुन्या चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस उतरवायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. आतला वायू दिसत नाही आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई बंद आहे आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली, पण पैशाने घरातला माणूस परत येत नाही. जोरात पाणी मारून लाइन साफ करणारं जेटिंग मशीन मागवा, काम दोन दिवस थांबलं तर थांबू दे.

कनेक्शन झालं की विभागाची एनओसी घ्या, ती ओसीच्या फाइलला लागते. आणि प्रत्यक्षात जसं काम झालं तसा नकाशा काढून, प्रत्येक चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल त्यावर लिहून, एक कॉपी लॅमिनेट करून सोसायटीच्या ताब्यात द्या, दहा वर्षांनी पार्किंगमधल्या फरशीखाली चेंबर शोधायची वेळ आली की त्यांना तोच कागद लागणार आहे.