डायबिटीस एज्युकेटर घडवताना या चुका टाळा

समोर 320 शुगरचा पेशंट आला की एक सिस्टर म्हणते, "गोड खाल्लं असेल." दुसरी म्हणते, "सुई कशी टोचता, दाखवा बरं मला." एज्युकेटर, म्हणजे पेशंटला मधुमेह सांभाळायला शिकवणारी, झाली ती दुसरी. मराठवाड्यात सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, आहारतज्ज्ञ यांची मधुमेहाची प्रशिक्षणं होतात, पण त्यातून पुष्कळदा पहिल्या प्रकारची माणसं बाहेर पडतात. शिकणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, घोळ शिकवण्यात आहे.

स्लाइड भरपूर, सिरिंज एकही नाही

दिवसभर स्वादुपिंड, बीटा पेशी, गोळ्यांचे गट. संध्याकाळी पर्यायांतून उत्तर निवडायची परीक्षा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. इन्सुलीन मात्र कोणी भरून पाहिलेलं नसतं.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलीन बहुतेक 40 युनिट प्रति मिलीचं असतं, पेनमधलं 100चं. 40ची सिरिंज लाल टोपणाची, 100ची नारिंगी. तालुक्याच्या मेडिकलवर जी असेल ती सिरिंज पेशंटच्या पिशवीत पडते. 40च्या बाटलीतून 100च्या सिरिंजने 20च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. शुगर उतरत नाही, आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. उलट, 100चं इन्सुलीन 40च्या सिरिंजमध्ये 20पर्यंत भरलं तर 50 युनिट जातात आणि जिवावर बेततं.

म्हणून प्रत्येकीच्या हातात दोन्ही सिरिंज आणि सलाइनची बाटली द्या. शेजारणीला तपासू द्या. मुळातच गढूळ दिसणाऱ्या प्रकारचं इन्सुलीन खळाखळा हलवायचं नाही, तळहातांत घोळवायचं, हेही तेव्हाच हाताला कळतं. मग वॉर्डात न्या. बेंबीच्या बाजूला एकाच जागी टोचून टोचून झालेली गाठ बोटांना लागली पाहिजे. तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथंच टोचतो, आणि गाठीतून औषध नीट शोषलं जात नाही.

"समजलं का?" हा प्रश्न

याचं उत्तर आपल्याकडे "हो बाई" असंच येतं. डॉक्टरसमोर, सिस्टरसमोर "नाही समजलं" म्हणणं लोकांना उद्धटपणाचं वाटतं. त्यापेक्षा विचारा, "मावशी, घरी गेल्यावर सूनबाईला कसं सांगाल?" मावशी बोलू लागल्या की दोन वाक्यांत कळतं काय पोचलं, काय नाही. हा सराव आपसांत करून घ्यायचा असेल तर पेशंटची भूमिका करणारीने मुद्दाम चुकीचं सांगावं. नाहीतर सगळ्याजणी शहाण्या पेशंट होतात, आणि तसे पेशंट ओपीडीत येत नाहीत.

ओट्सचा तक्ता

मोठ्या शहरातून आलेला आहाराचा तक्ता इथं कुचकामी. त्याहून घातक समज म्हणजे "भाकरीनं शुगर वाढत नाही." 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. तंतू आहेत, पोटाला आधार आहे, पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. शिकणारीला ताट मांडायला लावा. अर्धं ताट पालेभाजी-कोशिंबीर, पाव भागात वरण किंवा उसळ, पाव भागात भाकरी. एकादशीची साबुदाणा खिचडी आणि वेळ अमावस्येचं वनभोजन यांवरही बोला. "खाऊ नका" म्हटलं तर माणूस खातो आणि पुढच्या वेळी लपवतो.

कमी शुगर शिकवायची राहूनच जाते

वाढलेल्या शुगरचा धाक सगळे घालतात. पण ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेऊन, पोटात काही नसताना पहाटे फडात उतरलेल्या ऊसतोड कामगाराला घाम फुटतो, हातपाय गळतात, तेव्हा मुकादमाला वाटतं रात्रीची उतरली नाही. 70च्या खाली शुगर गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे बहुतेकींना पाठ असतं. एक गोष्ट मात्र निसटते. गोळीत व्होग्लिबोज असेल तर साखर लवकर पचत नाही, तिथं ग्लुकोज पावडरच लागते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108ला फोन. ग्लुकोजची पुडी पेशंटच्या खिशात असते का, हे बघायची सवय लावा.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून त्याआधीची भेट वेगळी घ्यायला शिकवा. औषध किती दिवसांचं, कारखान्याच्या गावात दवाखाना कुठे, उपाशीपोटी काम असेल तर गोळीचं काय, हे डॉक्टरांना विचारून ठरवून द्यायचं.

रीडिंग अचानक वाढलं तर

आधी हात धुऊन पुन्हा तपासा. बोटाला गुळाचा किंवा उसाचा चिकटपणा असला तरी आकडा फुगतो. मग शुगर तपासायच्या पट्ट्यांची मुदत, आणि डबीचं झाकण उघडं राहतं का. मग इन्सुलीन कुठे ठेवता. आपल्या चाळिशीपार उन्हाळ्यात पत्र्याखालच्या घरात ते खराब होतं. फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात कोरड्या डबीत बाटली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात नको. उघडलेली बाटली साधारण 28 दिवसच. एवढं झाल्यावर गाठी बघा. गोडाचा विषय त्यानंतर.

पायांची तपासणी मोनोफिलामेंटने, म्हणजे पायाला संवेदना आहे का ते बघायच्या नायलॉनच्या दोऱ्याने, शिकवतातच. त्यात एवढंच जोडा, की तुळजापूरला अनवाणी चालत जाणाऱ्यांशी नवरात्राआधी बोलायचं. बधिर पायाला तापलेला डांबरी रस्ता जाणवत नाही. नवस मोडायला सांगू नका, जाड मोजे सुचवा.

प्रमाणपत्र दिलं की विसरणं

महिनाभराने तिच्या ओपीडीत जाऊन गप्प बसा आणि पाहा. गर्दीत तिला दोन मिनिटं मिळतात, तेव्हा एका भेटीत एकच गोष्ट शिकव म्हणावं. डोस स्वतः बदलायचा नाही, ही तिची मर्यादा. शुगर चढलेली आणि उलट्या सुरू असतील तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. जेवण जात नाही म्हणून कोणी इन्सुलीन पूर्ण बंद केलंय का, हे पाठवण्याआधी विचारून चिठ्ठीवर लिहायचं.