नाकारलेली ऑफर पीएफच्या नोंदीत नोकरी म्हणून दिसत होती, ती अशी काढली

जॉइनिंगच्या चार दिवस आधी मेल करून ऑफर नाकारली. दोन महिन्यांनी नव्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकवाल्यांनी विचारलं, 'एकाच वेळी दोन नोकऱ्या?' बघतो तर नाकारलेल्या कंपनीचा मेंबर आयडी (त्या नोकरीचा पीएफ नंबर) माझ्या यूएएनला (पीएफचा कायमचा, सगळ्या नोकऱ्यांसाठीचा एकच नंबर) जोडलेला! जॉइनिंगची तारीख भरलेली, सोडल्याची तारीख कोरी. कागदपत्रांसोबत यूएएन मीच आधी देऊन बसलो होतो, हेही खरं.

त्या कंपनीच्या एचआरला पाच मेल केले, उत्तर नाही. फोनवर म्हणाले, 'एक्झिट डेट टाकतो.' ते करून घेऊ नका, त्यामुळे तिथे काम केल्याचीच नोंद पक्की होते. डोक्याची पार मंडई झाली.

शेवटी चाललं ते असं. आधी नोंदीचा स्क्रीनशॉट घेतला. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) मेंबर पोर्टलवर लॉगिन, 'व्ह्यू'खाली 'सर्व्हिस हिस्टरी', नको त्या आयडीसमोर 'डीलिंक' (नीट बघून, शेजारीच खऱ्या नोकरीचा आयडी असतो), मग कारण निवडून आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. ही सोय जानेवारी २०२५ मध्ये आली. त्या आयडीवर कंपनीने वर्गणी भरलेली नसेल तरच चालते. माझ्यात शून्य होती. नवी सर्व्हिस हिस्टरी आणि नकाराचा तारखेसकट मेल चेकवाल्यांना पाठवला. दोन नोकऱ्यांचा शेरा त्यांनी काढून टाकला.