पॅकेट घेणारं फंक्शन लिहायला बसण्याआधी

जालन्याकडं मोसंबीच्या बागेत ओलावा मोजून रेडिओवरून कळवणारा नोड आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपाशी त्याचा रिसीव्हर बसवायचा असेल, तर कोड लिहिण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्या. रेडिओ एसएक्स १२७६ ही लोरा चिप धरतो, बँड विनापरवाना वापरता येणारा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ.

आधी एसपीआय, म्हणजे कंट्रोलर आणि रेडिओ चिप यांना जोडणारी बस, बोलतंय का ते बघा. चिपच्या हेक्स (सोळाच्या पायातल्या) ४२ या रजिस्टरमधून हेक्स १२ यायला हवं. नाही आलं तर वायरिंग तपासा, कोड तसाच राहू द्या. स्प्रेडिंग फॅक्टर, बँडविड्थ आणि सिंक वर्ड ही रेडिओची सेटिंग्ज नोड आणि रिसीव्हर दोन्हीकडं सारखी ठेवा.

पॅकेट आल्याची खूण मिळताच चालणाऱ्या इंटरप्टमध्ये फक्त कोडमधला एक फ्लॅग उभा करायचा. तिथं एसपीआय वापरू नका. त्याच बसवर मेमरी कार्डाचं लिखाण अर्धवट चालू असू शकतं. बाकीचं काम मुख्य लूपमध्ये. तिथं पहिल्यांदा रेडिओ चिपमधले इंटरप्ट फ्लॅग वाचायचे, जे वाचले तेवढेच लगेच पुसायचे आणि मग डेटा काढायचा. हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा. हे फ्लॅग आपोआप पुसले जात नाहीत. पुसायचं राहिलं तर चिपची इंटरप्ट देणारी डीआयओ शून्य पिन वरच अडकते, नवी चढती कड येत नाही, आणि रिसीव्हर चालू दिसत असूनही बहिरा होतो. उलट, डेटा काढून झाल्यावर पुसलं तर मधल्या काळात आलेल्या पॅकेटचा फ्लॅगही सोबत जातो.

सर्वांत जास्त वेळ सीआरसीला, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का ते ओळखणाऱ्या तपासणी आकड्याला, द्या. सीआरसी चालू आहे की नाही हे पाठवणाऱ्याच्या हेडरवरून ठरतं. त्यानं बंद ठेवला असेल तर सीआरसी चुकल्याचा फ्लॅग कधीच उठत नाही आणि बिघडलेलं पॅकेटही सरळ आत येतं. म्हणून पॅकेटमध्ये सीआरसी होता का, तो बिटही तपासा आणि नसेल तर पॅकेट टाकून द्या. मे महिन्यात विहिरीत तासाभराचं पाणी उरलेलं असतं, तेव्हा एका बिघडलेल्या बाइटनं मोटार सुरू होणं परवडत नाही.

लांबी २५५ बाइटपर्यंत येऊ शकते. तुमचा बफर ६४ चा असेल तर कॉपी करण्याआधी तुलना हवीच. एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण) चिन्हासहित वाचा आणि चारनं भागा. चिन्ह विसरलात तर उणे १० डेसिबलच्या जागी ५४ दिसेल. आलेली पॅकेटं थांबवून ठेवायची रांग भरली तर काय टाकायचं हेही आत्ताच ठरवा: ओलाव्याचं जुनं रीडिंग गेलं तरी चालेल, मोटार बंद करण्याचा निरोप मात्र जाता कामा नये.

नीट आलेली, सीआरसीत अडकलेली, जास्त लांब आणि रांगेत जागा न मिळालेली, अशा चारही पॅकेटांचे वेगळे काउंटर ठेवा. चाचणी थ्री फेज येते त्या वेळेला शेतावर जाऊन घ्या. लाइन आली की तिच्यावर चालणारे सगळे नोड एकदम जागे होतात आणि एकदमच बोलू लागतात. तेव्हा सीआरसीचा काउंटर भराभर वाढला, तर प्रत्येक नोडच्या पहिल्या पॅकेटआधी वेगवेगळा, यादृच्छिक थांबा घाला आणि पुढच्या वेळी लाइन आली की काउंटर पुन्हा बघा.