होळीच्या सुमारास मरळसाठी कोणता लूर (गळाचं नकली आमिष) लावाल?

नागपूरकडे होळी आली की ऊन चटके देऊ लागतं आणि तलावाचं पाणी उतरतं. मरळ हवेत श्वास घेणारा मासा, त्यामुळे काठालगतच्या जलपर्णीत, कमळाच्या पानांखाली त्याचं वर येणं दिसतं. अशा जागी रबरी बेडूकच लावा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, म्हणून गवतात अडकत नाहीत. पानावर टाका, हळूच पाण्यात घसरू द्या, मग दोन-तीन झटके आणि थोडं थांबणं. मासा झेपावून पाणी फुटल्याबरोबर काठी ओढायची नाही! मनात ‘एक, दोन’ म्हणा, दोरा ताणला की मग ओढा. मी घाईत कितीतरी मरळ घालवल्यात.

नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी बेडूक, गढूळ पाण्यात काळा. सकाळी नऊनंतर मासे खोल जातात, तेव्हा मऊ रबरी अळी तळाजवळून सावकाश ओढा. उघड्या पाण्यात चमचा (धातूचा चमकणारा लूर) चालेल, गवतात मात्र डोकेदुखी.

मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, आधी विचारून घ्या. तोतलाडोह जलाशयाला मात्र जाऊच नका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे मासेमारीला बंदी आहे.